बर्फात फुटलेलं, तुर्भ्यात गळलेलं: कॉम्प्रेसरच्या ट्रॅक्टरचं एक प्रकरण

नवी मुंबईत पाणी गोठत नाही. जानेवारीतल्या पहाटेही इथला पारा दोन आकडी असतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गॅरेजात एखादा ट्रॅक्टर ‘पाणी खातोय’ अशी तक्रार घेऊन आला, तर मिस्त्रीच्या मनात हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पाणी-गॅस अडवणारी पट्टी) येतं, रेडिएटर येतो, वॉटर पंप येतो. बर्फ येत नाही. या प्रकरणात नेमका त्यामुळेच पैसा आणि वेळ वाया गेला.

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, साधारण पन्नास अश्वशक्तीचा. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ओले लायनर (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी; ओला म्हणजे तिच्या बाहेरून थेट पाणी फिरतं), तांब्या-पितळेचा रेडिएटर, झाकणावर ०.९ बार दाबाचा शिक्का आणि कूलिंगमध्ये एकूण ९ लिटरच्या आसपास पाणी. मागे पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या मागच्या दांड्यावर) चालणारा एअर कॉम्प्रेसर, ज्यावर काँक्रीट फोडणारे दोन ब्रेकर चालतात. रस्ता खोदणारे कंत्राटदार असे ट्रॅक्टर सर्रास वापरतात. हे यंत्र आधी हिमाचलात लाहौल खोऱ्यात रस्त्याच्या कामावर होतं. अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून त्या बाजूला यंत्रांची ने-आण सोपी झाली आहे. तिथलं काम संपल्यावर ट्रॅक्टर काही महिने तिथेच उभा राहिला, वसंतात ट्रेलरवर चढवून तुर्भे एमआयडीसीतल्या यार्डात आणला गेला आणि केबलच्या चरांसाठी काँक्रीट फोडायच्या कामाला लागला.

तक्रार अशी होती: दिवसभर कॉम्प्रेसर चालवला की दोन ते तीन लिटर पाणी घालावं लागतं, दुपारनंतर काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, पण खाली जमिनीवर पाण्याचं थारोळं कुठेच दिसत नाही.

आधी काय काय झालं होतं

निदानाची सुरुवात इथून करायला हवी, कारण आधी केलेली दुरुस्तीही पुराव्याचाच भाग असते. पहिल्या गॅरेजात हेड खोलून गॅस्केट बदललं होतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, हे त्याआधी पाहिलेलं नव्हतं आणि उतरवलेलं हेड दाब देऊन तपासायलाही पाठवलेलं नव्हतं. मग रेडिएटरवाल्याकडे रेडिएटर गेला. खालच्या टाकीजवळच्या चार-पाच नळ्या फुगून शिवणीवर उघडल्या होत्या, त्या त्याने झाळून दिल्या. त्यानंतर वॉटर पंपाची सील किट बदलली. शेवटी ऑपरेटरने रेडिएटरमध्ये हळद टाकली. हा जुना आणि सगळीकडे चालणारा उपाय आहे. बारीक गळती त्याने काही दिवस बुजतेही, पण तीच हळद रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या तळाशी बसते.

या चार गोष्टींपैकी एक फार बोलकी होती आणि तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही: नळ्या फुगून फुटल्या होत्या. गंजाने नळी आतून बाहेर कुरतडली जाते, तिला बारीक भोक पडतं, कडेला हिरवट-पांढरा थर येतो. पंख्याचं पातं किंवा दगड लागला तर नळी आत दबते. चपटी नळी गोल होऊन शिवणीवर उघडायला आतून मोठा दाब लागतो. ०.९ बारच्या झाकणाखाली चालणाऱ्या यंत्रणेत तो फार क्वचित तयार होतो. बर्फ तो सहज देतो.

पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. ब्लॉकमध्ये ५ लिटर पाणी अडकलं असेल, तर त्याच्या बर्फाला जवळजवळ साडेपाच लिटर जागा लागते. वर मोकळी जागा असली तरी ती नेहमी उपयोगी पडत नाही. गोठण्याची सुरुवात बाहेरच्या भिंतींपासून आणि वरून होते, मध्ये पाण्याचा कप्पा बंद होतो आणि तो कप्पा गोठताना भिंतीला रेटतो. म्हणून अर्धा रिकामा ब्लॉकसुद्धा तडकतो.

ऑपरेटरला विचारलेले प्रश्न

खोलाखोलीच्या आधी ऑपरेटरशी बोलणं झालं आणि तपासाची दिशा तिथेच ठरली. कूलंट (पाण्यात मिसळायचा, सहज न गोठणारा ग्लायकॉलचा द्रव) शेवटचं कधी भरलं, वर काय घातलं जायचं, काम बंद करताना पाणी कसं सोडलं, ट्रॅक्टर कसा उभा होता, हे सगळं विचारलं. उत्तरं अशी: सुरुवातीला कूलंट होतं. हंगामभर जे कमी झालं, त्यात ओढ्याचं पाणी घातलं. ‘साहेब, गाडी उभी करताना खालचा कॉक खोलून सगळं पाणी काढलं होतं. रेडिएटर कोरडा होता.’ तोंड चढाकडे करून, चाकांना दगड लावून ट्रॅक्टर उभा केला होता.

ऑपरेटर खरं बोलत होता. रेडिएटर जवळजवळ कोरडाच असणार, खालच्या टाकीजवळ जे थोडं पाणी उरलं त्यानेच त्या चार-पाच नळ्या फुगल्या असणार. पण रेडिएटरचा कॉक ब्लॉक पूर्ण रिकामा करत नाही. ब्लॉकला स्वतंत्र कॉक किंवा बोल्ट असतो, बहुतेक ट्रॅक्टरांत एका बाजूला, डिझेल पंपाच्या किंवा स्टार्टरच्या आसपास, खालच्या अंगाला. या ट्रॅक्टरचा तो कॉक सापडला, पण खोलल्यावर त्यातून थेंबही आला नाही. तार घातली तेव्हा आतून गंजाचा आणि हळदीचा चिखल निघाला, मग पाणी धारेने आलं. गंजाने तो तेव्हाच चोंदला असेल, तर लाहौलमध्ये कुणी तो कॉक खोलला असता, तरी ‘पाणी संपलं’ असंच त्याला वाटलं असतं. कॉक खोलून थेंब आला नाही, तर तो चोंदलेला आहे असं धरून चालायचं आणि तार घालायची. रेडिएटरचं झाकणही त्या वेळी उघडं हवं, नाहीतर वरून हवा शिरत नाही आणि पाणी अडून राहतं.

तोंड चढाकडे असल्याने उरलेलं पाणी ब्लॉकच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) बाजूला जमलं असणार. हा अंदाज पुढे कामी आला.

रिझर्व्ह बाटलीच्या तळाशी फिकट हिरवा द्रव उरला होता. त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचा गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणावर) ठेवला तेव्हा गोठणबिंदू उणे ५ अंशांच्या आसपास दिसला. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या जवळ असतो. ओढ्याच्या पाण्याने कूलंट इतकं पातळ झालं होतं की त्याची नुसती झाक उरली होती. लाहौलमध्ये थंडीच्या रात्री पारा शून्याखाली १०-१५ अंश जाणं नेहमीचं आहे.

तेल आधी, पाणी नंतर

गोठण्याचा संशय असलेलं इंजिन आधी स्टार्ट करायचं नाही. लायनरला तडा असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दबत नाही, आणि स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. हे इंजिन आधीच कित्येक दिवस चालत होतं, तरी नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून हाताने दोन फेरे फिरवले. तिन्ही सिलिंडर कोरडे निघाले.

मग तेल. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवला आणि सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट हळूहळू, धागे सुटतील इतकाच ढिला केला. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसतं आणि तेलाआधी बाहेर येतं. इथे पहिल्या थेंबापासून काळं तेलच आलं. त्यातले दोन-तीन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकले, तडतडले नाहीत. डिपस्टिकवरची पातळीही वाढलेली नव्हती.

तेल भरायच्या झाकणाखाली मात्र पांढरट, दुधासारखा थर होता. पहिल्या गॅरेजात तोच पाहून हेड गॅस्केटचा निष्कर्ष काढला गेला असावा. हा थर नुसता झाकणाखाली असेल आणि चेंबरमधलं तेल स्वच्छ असेल, तर ती आपल्याकडच्या दमट हवेतली वाफ असते. थोडा वेळ चालवून बंद होणाऱ्या इंजिनात ती झाकणाखाली थंड होऊन साचून राहते. तासभर लोडवर चालवलं की बरीचशी जाते. चेंबरचं तेलच दुधाळ असेल तर मामला गंभीर असतो. कूलंटमधलं ग्लायकॉल तेलात मिसळलं की बेअरिंगचा थर खातं, आणि मग नुसतं तेल बदलून भागत नाही, मेन आणि बिग-एंड बेअरिंग उघडून पाहावी लागतात. या ट्रॅक्टरवर ती वेळ आली नव्हती.

तेल स्वच्छ निघाल्याने लायनरच्या खालच्या रबरी रिंगा आणि ब्लॉकचा आतला भाग बराचसा संशयातून सुटला. राहिला बाहेरचा रस्ता.

दाब देऊन पाहणी

रेडिएटरच्या तोंडावर बसणारा हातपंपाचा प्रेशर टेस्टर हे या कामाचं मुख्य हत्यार. आधी हळदीचं पाणी काढून यंत्रणा साध्या स्वच्छ पाण्याने तीनदा धुतली. बुजलेली गळती दाबाखालीही दिसत नाही. मग पूर्ण भरून, गार इंजिनावर ०.९ बार दाब दिला. झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त द्यायचा नाही. ओल्या लायनरच्या इंजिनात जादा दाबाने खालच्या रिंगा सरकतात आणि नसलेली गळती आपणच तयार करतो. झाकणही वेगळ्या अडॅप्टरवर तपासलं, ते ०.९ लाच उघडत होतं.

१० मिनिटांत काटा ०.९ वरून ०.६ वर आला. होज, क्लिप, थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेचं) हाउसिंग, पंपाचं खालचं भोक, सगळं कोरडं. पंपाच्या अंगाला खाली जे छोटं भोक असतं, त्यातून थेंब येत असेल तर सील गेलेली असते. ते भोक बुजवणं हा शुद्ध घातकी प्रकार आहे, पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं.

पुढची पायरी म्हणजे यंत्रणेचे दोन भाग करणं. बरीच गॅरेजं ही पायरी गाळतात आणि तिथेच फसतात. वरचा आणि खालचा होज काढून रेडिएटर सोडवला, दोन्ही तोंडांना रबरी बुच लावून पाण्याच्या टाकीत बुडवला आणि ०.९ बार दिला. एकही बुडबुडा नाही. झाळकाम चांगलं होतं. पण रेडिएटर भरून खालचं तोंड एकदम मोकळं केलं, तर पाणी भस्सकन पडायला हवं, ते रेंगाळत पडलं. नळ्यांत हळद बसली होती. काटा वर जायचं हे एक स्वतंत्र कारण निघालं, गळतीशी त्याचा संबंध नव्हता. रेडिएटर परत रॉडिंगला, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून साफ करायला, गेला.

आता नुसतं इंजिन. होजच्या तोंडांना बुच आणि एका बुचातून टेस्टर. काटा १० मिनिटांत ०.५५ वर. आतली जागा कमी झाल्याने तेवढ्याच गळतीला दाब लवकर पडतो, त्यामुळे गळती वाढली असं समजायचं नाही. गळती इंजिनात आहे, एवढंच सिद्ध झालं.

हेड गॅस्केटचा निकालही याच वेळी लावला. रॉडिंग होऊन आलेला रेडिएटर तात्पुरता बसवून, टेस्टर जोडलेला ठेवून, गार इंजिन स्टार्ट केलं. गॅस्केट किंवा हेडमधून ज्वलनाचा गॅस पाण्यात येत असेल, तर काटा पहिल्या मिनिटातच उसळतो, पाणी तापायला वेळ मिळायच्या आधीच. इथे तो पाण्याच्या तापमानाबरोबर सावकाश चढला. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टरचा निळा द्रवही वापरला. डिझेलच्या गॅसने तो हिरवट होतो. तो निळाच राहिला. या दोन तपासण्या मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पहिल्याच गॅरेजात ती झाली असती तर हेड खोलावं लागलं नसतं.

क्लच हाउसिंगखालचा डाग

ब्लॉकच्या दोन्ही बाजूंच्या वॉटर डमी आरसा आणि टॉर्च घेऊन तपासल्या. वॉटर डमी म्हणजे ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेल्या भोकांवर ठोकलेल्या पत्र्याच्या टोप्या. बर्फाच्या दाबाने डमी बाहेर उडते आणि ब्लॉक वाचतो, असा समज बऱ्याच मिस्त्रींचा आहे. कधी कधी तसं होतंही, पण डमी त्या कामासाठी बनवलेल्या नसतात. कित्येकदा डमी जागच्या जागी राहतात आणि भिंत तडकते. दोन्ही गोष्टी एकाच ब्लॉकवरही होतात.

बाजूच्या डमी जागेवर होत्या. क्लच हाउसिंगच्या (इंजिनामागे फ्लायव्हील आणि क्लच झाकणाऱ्या पेटीच्या) तळाशी मात्र, जिथे छोट्या भोकात कॉटर पिन अडकवलेली असते, तिथे खाली ओघळलेला फिकट, पांढरट डाग दिसला. त्यावर धूळ चिकटलेली, कडा तपकिरी. तेलाचा डाग काळा आणि चिकट असतो, बोटाने पुसला तर पसरतो. हा डाग बोटाला खडूसारखा लागला, पाणी आटून मागे राहिलेले क्षार असावेत तसा. याआधी पाहणाऱ्यांनी त्याला मागच्या ऑइल सीलची गळती समजून सोडून दिलं होतं, कारण पन्नास अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरला तिथे थोडी ओल असतेच.

जमिनीवर थारोळं का दिसत नव्हतं, हेही इथे कळलं. पाणी फ्लायव्हीलवर पडत होतं, फिरत्या फ्लायव्हीलने ते हाउसिंगभर उडत होतं आणि गरम हाउसिंगमध्ये वाफ होऊन जात होतं. काम करताना क्लच सोडल्यावर येणारा हलका थरथराट ऑपरेटरला जाणवत होता, पण त्याचा पाण्याशी संबंध असेल असं कुणाला वाटणार?

एवढ्यावर ट्रॅक्टर दोन भागांत खोलणं योग्य नव्हतं, कारण ते मोठं काम आहे. म्हणून पाण्यात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाकला, सुमारे २० मिलिलिटर. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून तो सगळीकडे फिरवला, गार होऊ दिलं, परत ०.९ बार दाब देऊन अर्धा तास ठेवलं आणि यार्डातल्या शेडमध्ये अंधार करून यूव्ही टॉर्च मारला. कॉटर पिनच्या टोकाला हिरवा-पिवळा थेंब चमकला. आता खोलायला कारण मिळालं.

ट्रॅक्टर फाडताना

मागच्या डमीपर्यंत जायला इंजिन क्लच हाउसिंगपासून वेगळं करावं लागतं. या कामात जीव जाऊ शकतो, म्हणून क्रम पाळायचा. कॉम्प्रेसर मागे बसवलेला असेल तर आधी तो उतरवायचा, नाहीतर ट्रॅक्टर वेगळा झाल्यावर मागचा भाग मागे कलंडतो. पुढचा एक्सल मध्यभागी एका पिनवर डोलतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एक्सल आणि सपोर्टच्या मध्ये लाकडाच्या पाचरी घट्ट ठोकायच्या, नाहीतर इंजिनाचा भाग बाजूला पडतो. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण. गिअरबॉक्सखाली भक्कम स्टँड, इंजिनाच्या चेंबरखाली लाकडी फळी ठेवून चाकांचा जॅक. बॅटरीचं कनेक्शन, डिझेलच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या, स्टिअरिंगचा दांडा, वायरिंग सोडवलं आणि मगच हाउसिंगचे बोल्ट काढले.

क्लच प्लेटवर गंजाचे चट्टे होते, स्पायगॉट बेअरिंग (फ्लायव्हीलच्या मध्यभागी गिअरबॉक्सच्या दांड्याला आधार देणारं) खरखरत होतं. फ्लायव्हीलच्या जागेची खूण करून ते उतरवलं आणि मागची डमी समोर आली. ती भोकातून एका बाजूने जवळजवळ ३ मिलिमीटर बाहेर सरकली होती. भोकाच्या कडेला चंद्रकोरीसारखी चकचकीत, गंज नसलेली लोखंडाची पट्टी दिसत होती, आणि डमीचा मधला पत्रा बाहेर फुगला होता. गंजलेली डमी अशी दिसत नाही. तिला मधोमध किंवा कोपऱ्यात टाचणीएवढी भोकं पडतात, आणि ती जागेवरच असते. सरकलेली, फुगलेली, पण पत्रा शाबूत असलेली डमी म्हणजे आतून बर्फाने ढकललेली डमी. ट्रॅक्टरचं तोंड चढाकडे होतं, पाणी मागे जमलं होतं, आणि ढकलली गेली तीही मागचीच डमी.

काढताना डमीच्या एका कडेला पंच ठेवून हलका ठोका दिला, ती आडवी फिरली, मग पकडीने बाहेर ओढली. सरळ आत ठोकायची नाही, ती पाण्याच्या जागेत पडली तर काढणं फार त्रासाचं. भोकाची कड पॉलिश पेपरने साफ करून भिंगाने तपासली, कारण बर्फ डमी ढकलताना भोकाचा काठही चिरतो. काठ ठीक होता. भोकाचा व्यास मोजून त्याच मापाची पितळी डमी घेतली. लोखंडी स्वस्त पडते, पण खाडीकाठी बोअरचं पाणी वापरायची सवय असलेल्या यार्डात पितळीच टिकते. काठाला न सुकणाऱ्या सीलंटचा पातळ थर, आणि डमीच्या आतल्या व्यासापेक्षा थोडा लहान गोल ड्रिफ्ट वापरून ती सरळ आत बसवली, तिचा काठ भोकाच्या उताराच्या १ ते २ मिलिमीटर आत जाईपर्यंत. फ्लायव्हील निघालंच होतं, तेव्हा मागची ऑइल सील, क्लच प्लेट आणि स्पायगॉट बेअरिंगही बदललं. याच टप्प्यावर ते केलं तर मजुरी एकदाच पडते.

दुसरी गळती

ट्रॅक्टर परत जोडायच्या आधी इंजिनाला पुन्हा दाब दिला. डमी कोरडी होती, पण २० मिनिटांत काटा ०.९ वरून ०.८ वर आला. इथे बरेचजण ‘एवढं चालतं’ म्हणून जोडून टाकतात. चालत नाही. मोठी गळती बंद झाली की लहान गळतीवर पूर्ण दाब राहतो आणि ती वाढते.

यूव्ही टॉर्च परत फिरवला. डिझेल फिल्टरच्या ब्रॅकेटमागे, मॅनिफोल्डखाली, ब्लॉकच्या बाजूच्या भिंतीवर एक बारीक हिरवी रेष उमटली होती. रंग, तेल आणि मातीचा थर तारेच्या ब्रशने काढला. ग्राइंडर मुद्दाम वापरला नाही, तो चिरेच्या तोंडावर लोखंड फिरवून चीर लपवतो. मग क्रॅक डिटेक्शनचा तीन डब्यांचा संच: क्लीनर, लाल पेनिट्रंट, १५ मिनिटं थांबून पुसणं, मग पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेष आली, साधारण ६५ मिलिमीटर लांब, आडवी, मागच्या टोकाकडे. पट्टी लावून पाहिली तर तिथे भिंत किंचित बाहेर आलेली.

तापून पडलेला तडा आणि गोठून पडलेला तडा यांच्या जागा वेगळ्या असतात. तापल्याने हेड तडकतं, दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये किंवा नॉझलच्या भोकाकडे. गोठल्याने ब्लॉकची बाहेरची पातळ भिंत तडकते, लांब आणि बहुतेकदा आडवी, कडा बाहेर उचललेल्या. चीर हेडच्या सपाटीपर्यंत, लायनरच्या बैठकीपर्यंत किंवा मेन बेअरिंगच्या आधारापर्यंत गेली असेल, तर ब्लॉक बदलायचा, दुरुस्तीत पैसे घालायचे नाहीत. ही चीर नुसत्या पाण्याच्या भिंतीत होती. तिथे ताण कमी, म्हणून दुरुस्ती योग्य ठरली.

पर्याय तीन होते. वरून एपॉक्सी भरणं: गरम-गार होताना काही महिन्यांत सुटतं, रस्त्यात वेळ मारून नेण्यापुरतं ठीक. निकेलच्या रॉडने वेल्डिंग: जमतं, पण ब्लॉक आधी एकसारखा तापवावा लागतो, २५ मिलिमीटरहून लांब टाका घालायचा नाही, प्रत्येक टाका गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकून घ्यायचा. इंजिन न खोलता हे नीट होत नाही आणि घाई केली तर वेल्डच्या कडेने नवी चीर जाते. तिसरा पर्याय मेटल स्टिचिंग, म्हणजे उष्णता न देता धाग्यांच्या प्लगांनी चीर शिवणं. तो निवडला आणि रबाळ्याच्या बाजूच्या एका कारागिराकडून जागेवरच करून घेतला.

आधी चिरेच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरची भोकं पाडली. ती नसतील तर चीर पुढे चालतच राहते. मग चिरेवर भोक, त्यात आटे, प्लग घट्ट, जादा तुकडा कापून टाकणं, आणि पुढचं भोक आधीच्या प्लगचा तिसरा हिस्सा कापेल असं. अशी सलग साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ड्रिलला कॉलर लावला होता, कारण भिंतीमागे थोड्या अंतरावर लायनर आहे आणि ड्रिल घसरून त्याला लागला तर सगळंच गेलं. शेवटी सगळ्या प्लगांची डोकी हलके ठोकून सपाट केली.

दाब पुन्हा ०.९ बार, अर्धा तास. काटा हलला नाही. मग ट्रॅक्टर जोडला, रेडिएटर बसवला आणि गरम चाचणी घेतली. टेस्टर गार असताना बसवला, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवलं, दाब ०.९ च्या वर चढू लागला तेव्हा थोडा सोडला. काही चिरा गार असताना बंद असतात आणि तापल्यावर उघडतात, काहींचं उलट, म्हणून दोन्ही चाचण्या लागतात. गरम इंजिनाचं झाकण किंवा टेस्टर काढायचा नाही, भाजण्याच्या बहुतेक घटना तिथेच होतात.

भरणा

साडेचार लिटर कूलंट, साडेचार लिटर डिस्टिल्ड वॉटर, बाहेर बादलीत मिसळून मग ओतलेलं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं नळाचं पाणी चांगलं आहे, पण यार्डात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं आणि खाडीकाठचं बोअर खारं असतं. त्यातले क्लोराइड लायनरला आणि पंपाच्या पंख्याला खातात. इथे थंडीसाठी कूलंट लागत नाही हे खरं, पण गंज रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी लागतं, म्हणून ‘आपल्याकडे नुसतं पाणी चालतं’ हे चूक आहे. यंत्र कायम इथेच राहणार असेल तर एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी पुरतं. हे यंत्र परत डोंगरात जाऊ शकतं, म्हणून निम्मं-निम्मं ठेवलं. ६० टक्क्यांच्या पुढे कूलंट वाढवून फायदा नाही: उष्णता वाहून नेण्याची ताकद कमी होते, आणि निव्वळ कूलंटचा गोठणबिंदू तर उणे १३ अंशांच्या आसपासच असतो.

झाकण उघडं ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवलं, हवा निघून पातळी खाली गेली तशी भर घातली. रिफ्रॅक्टोमीटरवर उणे ३६ दिसलं. काढलेलं जुनं पाणी गटारात न सोडता कॅनमध्ये भरलं. ग्लायकॉल गोडसर असतं, यार्डातली कुत्री ते चाटतात आणि मरतात.

कॉम्प्रेसर जोडून दोन ब्रेकरवर चार तास चालवल्यावर बाटलीतली पातळी रेषेवरच होती, सकाळी गार झाल्यावरही तीच. काटा दुपारीही मधल्या पट्ट्यात राहिला, त्याचं श्रेय रॉडिंग केलेल्या रेडिएटरला. चालवून ५० तास झाल्यावर शिवणीवर, क्लच हाउसिंगच्या पिनवर आणि चेंबरच्या बोल्टवर पुन्हा तपासणी ठेवली आहे. ब्लॉकचा चोंदलेला कॉक बदलून नवा बसवला आणि त्याला लाल रंग दिला. पाणी कधी पूर्ण काढायची वेळ आली, तर रेडिएटरचं झाकण उघडं, दोन्ही कॉक उघडे, ट्रॅक्टर सपाट जागेवर आणि ब्लॉकच्या कॉकमध्ये तार, हे चार मुद्दे ऑपरेटरच्या लॉगबुकच्या आतल्या पानावर लिहून दिले आहेत.